जावेला विचारून सांगते

आमच्याकडे नवी माणसं येतात ती बहुतेक नवरात्र-दिवाळीच्या सुमारास. त्या दिवसांत कुठं ना कुठं स्पर्धा निघते. इतके बदल पाठवा, सर्टिफिकेट मिळवा, नशीब असेल तर टी-शर्टही. मग महिनाभर आमच्या दारात जत्रा. एकजण कुठलातरी पूर्णविराम काढतो, दुसरा तोच परत घालतो, आणि दोघांनाही आपण सॉफ्टवेअर सुधारल्याचं समाधान मिळतं. मी पूर्वी लगेच चिडायचे. आता आधी चहा ठेवते आणि मग चिडते.

आमच्याकडे म्हणजे कुठं, ते सांगायला हवं. ज्यांना दिसत नाही त्यांना फोनवरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर आहे. ते कुठल्या कंपनीचं नाही. ठिकठिकाणची माणसं आपापल्या सवडीनं ते बनवतात. त्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा असतो आणि ज्याला वाटेल त्यानं त्यात सुधारणा पाठवावी. आलेली सुधारणा तपासून आत घ्यायची की परत पाठवायची, हे ठरवणारी थोडी माणसं असतात, त्यांना मेंटेनर म्हणतात. मराठी आवाजाचा भाग माझ्याकडे आहे. पुण्याची नोकरी घरून करायची सोय झाली तेव्हा मी आळ्याला माहेरच्या घरी आले आणि इथंच राहिले. तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आळेफाट्यावरच्या एका शिकवणीच्या क्लासची वरची खोली मागून घेते. नव्या लोकांना बोलवायचं, लॅपटॉप उघडायला लावायचं आणि पहिली सुधारणा जाईपर्यंत शेजारी बसायचं. पैसे कोणालाच मिळत नाहीत. माझी आई याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणते, आणि तिचं फारसं चुकत नाही.

अशाच एका रविवारी थोरली आली. थोरली हे नाव मी तिला मनातल्या मनात पुढं दिलं, तेव्हा ती एकटीच होती. पस्तिशीची, पाचवारी साडी, पाठीला सॅक. खोलीत इंजिनियरिंगची पाचसहा पोरं बसली होती. त्यांच्याकडे न बघता तिनं मला विचारलं, “हितं फोनला बोलाय शिकवतात का?”

ती महाळुंगे पडवळची. मंचरला बी.एस्सी. केलेली, मग लग्न, मग घर आणि शेत. साखरेनं सासऱ्यांची नजर गेली होती. आलेले मेसेज त्यांना आमचंच सॉफ्टवेअर वाचून दाखवायचं. एकदा कोणीतरी त्यांना सातबाऱ्याबद्दल मेसेज पाठवला. सातबारा आपण लिहितो तो आकड्यांत, मध्ये तिरकी रेघ देऊन. फोननं वाचलं, सात डिसेंबर. म्हातारा घरभर विचारत सुटला की सात डिसेंबरला काय आहे.

मला हसू फुटलं. ती हसली नाही. म्हणाली, “तुमाला हसू येतंय. ते दोन दिवस धड जेवले न्हाईत. त्यांना वाटलं कोर्टाची तारीख लागली.”

मी हसायची थांबले. तिच्या लॅपटॉपवर मी तिथंच तिच्या नावानं अकाउंट उघडून दिलं. कोड कुठं असतो, कसा उघडायचा, बदल केला तर कसा पाठवायचा, हे सगळं दाखवलं. ती भराभर लिहून घेत होती. परत येईल असं मला वाटलं नव्हतं, कारण एवढ्या लांबून येणाऱ्या बाया एकदाच येतात. पुढच्या आठवड्यात त्या अकाउंटवरून सुधारणा आली. नुसता सातबारा दुरुस्त केलेला नव्हता. तारीख कुठली आणि उतारा कुठला, हे आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखायची नीट व्यवस्था केलेली होती. चार ओळींत, स्वच्छ. शितावरून भाताची परीक्षा करायची माझी जुनी सवय. मी त्याच दिवशी आमच्या मेंटेनर मंडळींना सांगितलं की आपल्याला माणूस मिळालं.

पुढं वर्षभर ते अकाउंट राबलं. किमती, मोबाईल नंबर, गुंठे, एसटीचं वेळापत्रक, मराठीत आकडे जिथं जिथं घोळ घालतात तिथं तिथं तिचा हात फिरला. मला एकच गंमत वाटायची. सकाळच्या वेळी आलेली उत्तरं तुटक असायची. “झालं.” “चालत नाही.” “हे असं का?” दुपारनंतरची उत्तरं ऐसपैस आणि मायेची. मी एकदा तिला चिडवलं होतं, की सकाळी तुझी सासू चहा देत नाही का. ती म्हणाली, “सकाळी गोठा असतो.” मला ते पटलं.

पण मला तिचं खरं अप्रूप वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. आमच्या चर्चेच्या पानावर नवा माणूस पहिल्यांदा काही विचारतो, तेव्हा त्याला बहुधा एक लिंक तोंडावर फेकून मारतात. आधी हे वाचा, मग या. मीही मारते. थोरली तसं करायची नाही. कुठले तुम्ही, फोन कोणता, त्यात सॉफ्टवेअर घ्यायला जमलं का, घरात कोणासाठी पाहिजे, अशी सगळी चौकशी करायची आणि मग एक अगदी बारकं काम द्यायची, आज बसलं तर आजच होईल असं. ते झालं की सगळ्यांसमोर सांगायची. तिनं दारातून आत घेतलेली माणसं टिकली. मी घेतलेली निम्मी पळाली, हे मान्य करायला मला त्रास होतो, पण खरं आहे. मी तिला विचारलं, हे कुठं शिकलीस? ती म्हणाली, “त्यात शिकायचं काय? नव्या सुनंला पहिल्या दिवशी पुरणपोळ्या करायला लावल्या तर ती रडंलच. तिला कोशिंबीर कर म्हणायचं. बिघडली तरी जेवण व्हतंय.”

वर्षानंतर मीच सुचवलं की या अकाउंटला मेंटेनरचे अधिकार द्यावेत. म्हणजे दुसऱ्यांच्या सुधारणा तपासून आत घ्यायचे अधिकार. आमच्यात याच्यापेक्षा मोठा मान नाही. थोरलीला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, “म्हंजी आता आमी परकं न्हाई.” ते वाक्य मी विसरत नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झालेली बाई ते म्हणत होती, म्हणून जास्तच लागलं.

वेळ मात्र वाईट होती. त्याच सुमारास बातम्या फिरत होत्या, की दुसऱ्या कुठल्याशा मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोणी नवखा आला, गोड बोलला, निमूट काम करून सगळ्यांचा विश्वास मिळवला आणि मग आत चोरदरवाजा ठेवून गेला. तेव्हापासून सगळीकडे नव्या माणसाकडे बघायची नजर बदलली. जो जास्त चांगला वागतो त्याचाच जास्त संशय. आमचे मुख्य मेंटेनर बंगळुरूचे, स्वभावानं अतिशय सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, अधिकार देण्याआधी एकदा व्हिडिओवर भेटू या, चार शब्द बोलू या. मी म्हणाले, जरूर.

शनिवारी दुपारी कॉल झाला. बंगळुरूचे गृहस्थ, परदेशातल्या एक जुन्या मेंटेनर बाई, माझ्या घरून मी आणि तिच्या घरून थोरली. ती ओसरीवर बसली होती, मागं भिंत, भिंतीवर कॅलेंडर. ठेवणीतली साडी नेसली होती. तिला इंग्रजी समजायचं, पण बोलताना अडायची, म्हणून मध्ये मी होते. तिकडून आलेलं मी मराठीत करायचं आणि तिचं इंग्रजीत.

सुरुवात चांगली झाली. मग बंगळुरूच्यांनी मोठे आकडे वाचण्याच्या भागाबद्दल विचारलं. त्यांच्या मते तो भाग सोप्या पद्धतीनं लिहिता आला असता, हा लांबचा रस्ता का घेतला? प्रश्नात खोच नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तो मराठीत सांगितला.

थोरली गडबडली नाही की लाजली नाही. “थांबा हं,” ती म्हणाली, “जावेला विचारून सांगते.” आणि उठून गेली.

पडद्यावर रिकामी खुर्ची आणि कॅलेंडर राहिलं. आतून कुठून तरी वासरू हंबरलं. परदेशातल्या बाईंनी विचारलं, ती काय म्हणाली? आता जावेला इंग्रजीत काय म्हणायचं? नवऱ्याच्या भावाच्या बायकोला विचारायला गेली आहे, असं मी सांगितलं. आणि सांगता सांगताच माझ्या डोक्यात सकाळची तुटक उत्तरं आणि दुपारची ऐसपैस उत्तरं एकदम वेगळी झाली.

ती परत आली आणि म्हणाली, “ती म्हणती, सोपं करून बघितलं व्हतं. पर लाखाच्या पुढं गेलं की जुना फोन अडकतो. बाबांचा फोन जुनाच हाय.” उत्तर बरोबर होतं. इतकं बरोबर की एरवी आम्ही त्यावर अर्धा तास खुशीत बोललो असतो. पण ते कोणी ऐकलंच नाही.

बंगळुरूच्यांनी हळू आवाजात विचारलं, कोड नक्की कोण लिहितं? “धाकली लिहिती. मी बाबांशेजारी बसून ऐकते, चुकलं कुठं ते सांगते, आन् लोकांशी बोलते. दोघींचंच हाय की.” पासवर्ड अजून कोणाकडे आहे? “लपवलाय कुठं? हा काय मागं.” तिनं मान वळवून दाखवलं. कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाच्या शेजारी, ठळक अक्षरांत. बंगळुरूच्या सज्जन माणसानं डोळे मिटून घेतले.

हे सगळं मी शब्दाला शब्द इंग्रजीत केलं. एखादं वाक्य गाळता आलं असतं, एखादं मऊ करता आलं असतं. तेवढ्या वेळात मला सुचलं नाही. आणि सुचलं असतं तर केलं असतं का, हेही मला माहीत नाही. मलाही फसल्यासारखं वाटत होतं. वर्षभर मी कोणाला शिकवत होते?

संध्याकाळी अकाउंट बंद झालं. दोन ओळींचं, सभ्य, दिलगिरीचं पत्र आलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईनं तुमची आटत चाललेली विहीर भरून दिली तिला तुम्ही चोराच्या रांगेत बसवता, असं बरंच काही मी लिहिलं. मग पाठवलं नाही. कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. हे सॉफ्टवेअर ज्यांना दिसत नाही त्यांच्या फोनमध्ये बसतं. त्यांचे बँकेचे मेसेजही तेच वाचतं. त्याची किल्ली भिंतीवर टांगलेली चालेल का? त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि कदाचित पत्रात दिलगिरी लिहिली नसती.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि नारायणगाव, कळंब करत महाळुंगे पडवळला गेले. घर रस्त्याला लागून, पुढं टोमॅटोचे क्रेट रचलेले. दारात एक पोरसवदा बाई उभी होती, हात कोपरापर्यंत भिजलेले. मला बघताच म्हणाली, “या मॅडम. होळीच्या टायमाला तुम्ही मला लई झापलं होतं.”

“तुला?”

“मलाच की. तपासून न बघता पाठवलं होतं म्हणून. मी आठवडाभर लॅपटॉपला हात लावला नाय. ताईनं तुम्हाला गोड उत्तर दिलं म्हणून निभलं.”

ही धाकटी. अवसरीला इंजिनियरिंग केलेली, लॅपटॉप तिचा, माहेरून आलेला. वर्षभर मी हिच्याशी बोलत होते आणि हिचा चेहरा मी पहिल्यांदा बघत होते. पाणी झालं, चहा झाला. मी विचारलं, तुम्ही मला सांगितलं का नाही?

थोरलीला प्रश्नच कळला नाही. “तुमी इचारलं कुठं?” ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून समजावायला लागली, आपण नव्या माणसाला समजावतो तसं. “दूध डेरीला बाबांच्या नावावर जातं. बाबांनी जन्मात धार काढली न्हाई. डेरीवाला इचारतो का, कोणी काढलं? दूध चांगलं हाय का तेवढं बघतो.”

त्या घरात दोघी सुना एकदम उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. आधीपासूनची रीत, आणि सासऱ्यांची नजर गेल्यावर ती गरजच झाली. लग्नाला एक जाते, बाजाराला एक जाते, आणि जी जाते ती दोघींच्या वतीनं जाते. हळदी-कुंकवाला गेलेली दोघींची ओटी घेऊन येते. थोरली बोलकी, म्हणून आळेफाट्याला ती आली. धाकटी अबोल, म्हणून घरी राहिली. अकाउंट एक पुरे, घरात गॅस एक आहे तसं. यात लपवाछपवी कुठं होती, हे त्या दोघींना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मलाही नीट सांगता आलं नाही. उद्या काही बिघडलं तर जाब कोणाला विचारायचा, एवढंच मी म्हणाले. धाकटी पटकन म्हणाली, “जी घरी असंल तिला.”

बंगळुरूच्यांनी वाट काढली होती, ती मी घेऊन आले होते. दोघींनी वेगवेगळी अकाउंट काढावीत. आजवरच्या प्रत्येक बदलापुढं तो कोणाचा, हे लिहून द्यावं. ज्यांनी लिहिलं त्यांना पुन्हा सुरुवातीपासून काम करून दाखवायची संधी मिळेल. मला ती वाट चांगली वाटली होती. गाडीवर येताना मी मनात खूशही होते, की एकाच्या ठिकाणी दोन माणसं मिळणार.

ओसरीवर लॅपटॉप उघडून बसलो. सातबाऱ्याची पहिली सुधारणा. हे कोणाचं? “तिचं,” थोरली म्हणाली. “ताईचं,” धाकटी म्हणाली. दोघी हसल्या. पुढचं. “हेबी तिचंच.” त्याच्या पुढचं. “तिचं.” थोरली मोठ्या मनानं देत सुटली होती. लिहिलेलं सगळं धाकटीचंच होतं, ते खरंच होतं. दहाबारा झाल्यावर थोरलीचं हसू कमी झालं. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. “आन् हे? हे बाबांजवळ तीन दिवस बसून ऐकलं व्हतं मी. एसटीच्या टायमाचं.”

“ते लिहिलं मी,” धाकटी म्हणाली. सहज म्हणाली. तुटक, सकाळच्या उत्तरांसारखं.

“लिहिलं तू. ऐकलं कोणी?”

“ऐकलं म्हणून आपोआप दुरुस्त होतं का?”

“मग दुरुस्त काय करायचं ते तुला सपनात आलं व्हतं?”

मी मध्ये पडायला तोंड उघडलं, पण आतल्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला. “कशाची वाटणी चाललीय गं पोरींनो?”

थोरलीनं स्क्रीनवरचं बोट काढून घेतलं. शेतकऱ्याच्या घरात हा शब्द सहज कोणी उच्चारत नाही. म्हातारा भिंत चाचपत दारापर्यंत आला होता. थोरलीनं उठून त्याचा हात धरला. “वाटणी कशाची? काय न्हाई बाबा,” ती म्हणाली, “कंप्युटरचं हाय.” त्याचं समाधान झालं नाही. तो म्हणाला, “तुझं-माझं ऐकू आलं मला.”

पुढची यादी धाकटीनं एकटीनं संपवली, खाली मान घालून. थोरली आत सासऱ्यांपाशी बसून राहिली. उसात बिबट्या असतो, अंधार पडण्याआधी निघा म्हणून धाकटीनंच मला आठवण केली. मी निघाले. जाताना थोरलीला हाक मारली, तर आतूनच “या हं” आलं.

घरी आल्यावर मी बंगळुरूच्यांशी भांडले. सुधारणांवर दोघींची नावं घालू द्या म्हणाले. बंगळुरूचे म्हणाले, जी बिघाड दुरुस्त करू शकेल तिचंच नाव हवं, दुसरीला आपण सुधारणेबद्दल विचारू तर ती पुन्हा उठून जाईल. मी म्हणाले, आणि तिनं वर्षभर लोकांना आत घेतलं, टिकवलं, ते? त्याचा अधिकार कोणता? ते म्हणाले, तुमचं अगदी बरोबर आहे, यावर आपण काहीतरी ठरवू. ते मनापासून म्हणाले. आम्ही अजून ठरवतोच आहोत. जुनं अकाउंट बंद ते बंदच राहिलं. थोरलीनं लिहिलेली ती सगळी मायेची उत्तरं पानावर अजून आहेत, पण नाव पुसट करड्या रंगात आणि शेजारी लिहिलेलं, हा सदस्य आता नाही.

धाकटीनं नवं अकाउंट काढलं आणि बघता बघता वर आली. काम तिचं होतंच, ते कोण नाकारणार? थोरलीनं काढलं नाही. मी फोन केला की म्हणायची, “मला कशाला? मला काय येतंय? मी नुसती ऐकणारी.” मी रागावले. काय बोलतेस, तुझ्यामुळं माणसं टिकली. ती म्हणाली, “तसं कुठं लिवलंय का?” आणि मग आवाज बदलून, “बाबांना आता नीट वाचून दाखवतंय फोन. झालं की आमचं काम.” आमचं म्हणाली, पण मागच्यासारखं नाही. मला रडू आलं. असं फोनवर रडू येणं मला मुळीच आवडत नाही, म्हणून मी आवाज येत नाही असं सांगून फोन ठेवला.

यंदा दिवाळीआधीच्या रविवारी आळेफाट्याच्या खोलीत धाकटी पहिल्यांदा आली. एकटी. आता तिला अधिकार मिळाले होते, नव्यांना तिनंच शिकवावं अशी अपेक्षा होती. कोपऱ्यातली खुर्ची धरून बसली. पोरं तिच्याभोवती घोटाळत होती, ती स्क्रीनवरून नजर काढत नव्हती. कोणी विचारलं की नेमकं उत्तर द्यायची आणि थांबायची. आधी कुठून आलास म्हणून कोणी विचारेल, याची थोडी वाट बघून पोरं आपापल्या जागी गेली.

चहाच्या वेळी मी तिच्यापाशी बसले. ती म्हणाली, “मला नाय जमत हे. हे ताईचं काम आहे.”

“मग तिला आण पुढच्या वेळी.”

“मी आले म्हणजे ती घरी,” धाकटी म्हणाली. “ती म्हणाली, आता तुझं नाव आहे, तू जा. पहिलं एक नाव होतं तर दोघी बाहेर होतो. आता ती माझ्याशी चांगलीच वागते, भांडत नाय काय नाय. पण बाबांपाशी बसून काय ऐकलं ते सांगत नाय. विचारलं तर म्हणते, तुझं तू ऐक.” मग तिनं चहा बाजूला ठेवला. “हे तुम्ही कुठं लिहाल, सांगा.”

पंचवीस वर्षं मी या धंद्यात आहे. प्रत्येक ओळ कोणी लिहिली, कधी लिहिली, का लिहिली, हे आम्ही जपून ठेवतो आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान. ती जे विचारत होती, त्याला आमच्यात रकाना नाही.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. एक मुलगी दारात आली, हातात नवाकोरा लॅपटॉप छातीशी धरलेला. तिच्या मागं दोन पायऱ्या खाली दुसरी एक, साधारण तिच्याच वयाची, तिच्याच चेहऱ्याची. बहिणी असाव्यात. दुसरीच्या हातात चार्जर होता. धाकटी खुर्चीतून उठली नाही, तिला सुचलंच नाही. म्हणून मी उठले. मला म्हणायचं होतं, या, बसा, कुठून आलात? आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “अकाउंट तुझ्या एकटीचंच असेल ना?”

मुलगी बावरली. तिनं एकदा मागं वळून पाहिलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “हो मॅडम, एकटीचंच.”

मागच्या मुलीनं ते ऐकलं. तिनं पुढं होऊन चार्जर बहिणीच्या हातात दिला आणि काही न बोलता खाली उतरून गेली.

“छान,” मी म्हणाले, “मग काही अडचण नाही.” मला खरंच हायसं वाटलं होतं. धाकटी माझ्याकडं बघतेय हे मला कळत होतं, म्हणून मी त्या मुलीसाठी खुर्ची ओढण्यात जरा जास्तच वेळ घालवला.